जत्रेचे ताट
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



जीर्णोद्धार झाला, कळस चढला. परंतु पुण्याच्या आसपासच्या गावांत भैरवनाथाचे देऊळ नुसते भिंती-कळसाचे कधीच नव्हते. उन्हाळ्यात जत्रा भरली की ते घरोघरच्या चुलीपर्यंत पोहोचत असे.

जत्रेच्या पहाटे मोठ्या पातेल्यात हरभऱ्याची डाळ शिजे. तिचे पाणी निथळून येळवणीची झणझणीत आमटी होई. डाळ गुळात शिजवून पाट्यावर वाटायची. हे काम एकटीचे नव्हे; जावा, शेजारणी, माहेरवाशिणी पाट्याशी आळीपाळीने बसत. पहिला नैवेद्य नाथाला. मग पोळी, गुळवणी, आमटी-भात, कुरडई, पापड असे ताट पाहुण्यापुढे येई. दुसऱ्या दिवशी तिखटाचे जेवण, म्हणजे मटणाचा रस्सा नि भाकरी.

पाहुणा ओळखीचाच असावा, असे नव्हते. पाहुण्याचा पाहुणा, परगावचा पैलवान, बैलगाडी सोडून सावलीला टेकलेला वाटसरू, सारे पंगतीला बसत. घरधनीण मात्र सर्वांमागून जेवे. कधी तिच्या वाट्याला पोळी उरतही नसे.

पोरांना ओढ गुडीशेव-रेवडीची. हगाम्यातल्या पहिल्या कुस्त्या त्यांच्याच, आणि त्या रेवड्यांवर लागत. नवस फेडणारे शेरणी वाटत. रात्री छबिना निघे, सकाळी तमाशाच्या हजेऱ्या होत.

पुढे शहर वाढले. १९९७ साली बाणेर, बालेवाडी, खराडी, वारजे ही गावे पुणे महानगरपालिकेत आली. २०१७ साली आणखी ११ आणि २०२१ साली २३ गावे आली. शिवारात इमारती उभ्या राहिल्या. बैलगाड्या गेल्या, पाटा अडगळीत पडला, पुरण यंत्रातून निघू लागले. महाप्रसाद आचारी रांधू लागले. त्यात वाईट काही नाही. बायकांच्या पाठीवरचा भार हलका झाला, हे चांगलेच झाले.

चिंता निराळी आहे. ज्या शिवारात काल ज्वारी डुलत होती, तिथे आज नोकरी-धंद्यासाठी दूरदूरून आलेली कुटुंबे राहतात. छबिन्याचे ढोल त्यांना खिडकीतून ऐकू येतात. पण जेवायला या, असे त्यांना कोणी म्हटलेले नसते. पूर्वीचा वाटसरू आपल्या पायांनी ओसरीवर येई. आता ओसरी राहिली नाही आणि दाराशी पहारेकरी आहे. तेव्हा न बोलावता कोणी येईल, ही आशा धरण्यात अर्थ नाही. बोलावणे गावानेच धाडले पाहिजे.

म्हणून जत्रेचे निमंत्रण भावकीपुरते ठेवू नये. शेजारच्या प्रत्येक इमारतीत गावच्या चार जाणत्यांनी स्वतः जावे, नारळ द्यावा, जेवणाची वेळ सांगावी. आलेल्यांना वेगळ्या मांडवात न बसवता आपल्याच पंगतीत पान मांडावे. ज्या आजीने पंगतीत अनोळखी माणसाला आग्रहाने पोळी वाढली, तिने नाव-गाव नंतर विचारले. नाथाच्या दारी तोच रिवाज पुढे चालावा.

भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!