जुनं नवं करणारी माणसं

महागाई वाढली की ‘साधं राहा, गरजा कमी करा’ हा उपदेश जास्तच ऐकू येऊ लागतो. गंमत अशी, की ज्यांच्या गरजा मुळातच कमी, त्यांनाच तो बहुधा केला जातो. आपल्या पुणे जिल्ह्यात तर ही रीत फार जुनी. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले, रोखे-खतं जाळली. कुणबी लग्नकार्यात पैसा उधळतो म्हणून कर्जात बुडतो, असं त्या काळी शहाणे लोक म्हणत. पण दंग्याच्या चौकशीसाठी सरकारनेच नेमलेल्या आयोगाने नोंदवलं, की लग्नखर्चाला नको इतकं महत्त्व दिलं गेलं आहे. खाण्यासाठी, बियाण्यासाठी, बैलांसाठी, सरकारी साऱ्यासाठी घ्यावी लागणारी बारीकसारीक उसनवारीच कर्ज फुगवते. हे ज्यांनी लिहिलं ते काही शेतकऱ्याचे सोयरे नव्हते!

आता आजचा हिशेब बघा. सरकारी पाहणीनुसार १९९९-२००० साली देशातल्या खेड्यांत घरखर्चाच्या शंभर रुपयांतले सुमारे ५९ रुपये खाण्यापिण्यावर जात. २०२३-२४ मध्ये ते ४७ झाले. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा पोटाबाहेरच्या गोष्टींवर जातो. त्यात दवाखाना आला, शाळा-क्लास आले, गाडीभाडं आलं. त्याला चैन कोण म्हणेल? पण त्यातच हप्त्यावरचा मोबाइल आला आणि दोन-तीन वर्षांत मोडणाऱ्या, मोडल्यावर फेकण्यापलीकडे काही करता न येणाऱ्या वस्तूही आल्या. मला बोलायचं आहे ते या शेवटच्या गोष्टीबद्दल.

माझे वडील पिंजारी. उत्रोली हे भोरच्या शेजारचं गाव. भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, हा सगळा मावळ. इथे पाऊस असा पडतो, की गाद्या-उशा ओल धरतात, आतल्या कापसाचे गोळे होतात. पावसाळा सरला की अब्बा पिंजण खांद्यावर टाकून निघायचे. घराघरांतल्या ओसरीवर तातेचा ट्यांव ट्यांव आवाज सुरू व्हायचा. गादी उसवायची, कापूस उन्हात घालायचा, पिंजून फुलवायचा, थोडी भर टाकायची, की पुन्हा तीच गादी. एकेका गादीत आजीच्या काळातला कापूस असायचा. ‘साधी राहणी’ हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. तशी सोय होती, एवढंच.

आमच्यातले पुष्कळ लोक असेच जुनं नवं करून पोट भरत. कल्हईवाले चाचा झाडाखाली भट्टी मांडत. भाता फुंकायचा, तापलेल्या भांड्यात नवसागर आणि कथील टाकून फडक्याने फिरवायचं, की पितळेचं पातेलं आतून चांदीसारखं लखलखायचं. मग त्यात चिंचेची आमटी केली तरी ती कळकत नसे. शिकलगार विळे-कात्र्यांना धार लावून द्यायचे. स्टील आलं, फोमच्या गाद्या आल्या, आणि ही माणसं रिक्षावर, शिरवळच्या कारखान्यांत, पुण्यातल्या गोदामांत गेली. तो काळ परत यावा असं मी म्हणणार नाही. दिवसभर कापसाची धूळ छातीत घेऊन अब्बांना मिळायचं ते शेर-दोन शेर तांदूळ आणि थोडे पैसे. काही घरांत पाण्याचा तांब्याही वेगळा असे. गेल्या काळाचं गुणगान करणाऱ्यांनी त्या तांब्यातून एकदा पाणी पिऊन बघावं.

पण ती माणसं गेल्यावर साधं राहणं अवघड झालं, महागही झालं. मागच्या वर्षी आमच्या घरचा मिक्सर बंद पडला. नेला दुकानात, तर उत्तर मिळालं, ‘काका, याचा पार्ट येत नाही, नवीनच घ्या.’ आता यात माझी हाव कुठे आली? ग्राहकाला वस्तू दुरुस्त करून घेता यावी, यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं. चांगलंच केलं. पण मिक्सर उघडून बघणारा माणूस गावातच लागतो.

२००९ साली ॲमस्टरडॅम शहरात एका बाईंनी ‘रिपेअर कॅफे’ सुरू केला. ठरल्या दिवशी लोक मोडक्या वस्तू घेऊन येतात, जाणकार मंडळी त्यांच्यासोबत बसून त्या दुरुस्त करतात, वर चहाही असतो. ही कल्पना पुढे अनेक देशांत पसरली. वाचलं तेव्हा मला हसू आलं. आमच्या ओसरीचंच बारसं केलं होतं की त्यांनी! फरक एवढाच, की तिथे दुरुस्त करणाऱ्याचा तांब्या वेगळा नसतो.

गेल्या महिन्यात मी हा विषय गावातल्या मंडळींपुढे काढला. महिन्यातून एक रविवार, देवळाचा मंडप नाहीतर शाळेची पडवी. शिलाई मशीन दुरुस्त करणारे एक चाचा लगेच तयार झाले. गोधड्या शिवणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘मी येते, पण जुनेरं ज्याची त्यानं आणायची.’ पंखे आणि मोटारी भरून देणारा पोरगा मात्र डोकं खाजवत म्हणाला, ‘सर, रविवारी माझी शिरवळला ड्युटी असते. सुट्टी गुरुवारी.’ त्यामुळे सध्या गुरुवारचं घाटत आहे.