सुगंधाचा मेळ कसा साधावा

घरांत सुवास दरवळावा ही हौस नवी नाहीं. देवघरांतील धूप, माजघरांतील ऊद, उन्हाळ्यांत माठांत सोडलेली वाळ्याची जुडी, हीं सारीं तिचींच रूपें. आज त्यांत विजेवर चालणाऱ्या डिफ्यूझरची भर पडली आहे. वाडग्याएवढें हें यंत्र. तळाची तबकडी अतिशय वेगानें कंप पावते, पाण्याचें बारीक धुकें होतें आणि पाण्यांत टाकलेलें सुगंधी तेल त्याबरोबर खोलीभर पसरतें. यंत्र आणणें सोपें. कोणतीं तेलें, किती आणि कशीं एकत्र करावीं, हें मात्र शिकावें लागतें.

हौशी मनुष्य पहिल्याच दिवशीं बारा बाटल्यांची पेटी घेऊन येतो आणि तेथेंच गोंधळास आरंभ होतो. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत रचलेल्या ‘बृहत्संहिते’त ‘गंधयुक्ति’ नांवाचा स्वतंत्र अध्याय आहे. सोळा द्रव्यांतून कोणतींहि चार निवडलीं, तर १८२० निरनिराळे मेळ होतात, असा हिशेब तेथें दिला आहे, आणि तो गणितानें तंतोतंत जुळतो. बारा बाटल्यांतून तीनच उचलल्या तरी मेळ २२० होतात. प्रमाणें बदललीं कीं संख्या आणखी वाढते. उलट तीन बाटल्यांचे मेळ चारच : दोन-दोनांचे तीन आणि तिन्हींचा एक. नवशिक्यास एवढा प्रपंच पुरे.

हीं तीन तेलें निवडावयास दूर जावयास नको. गवती चहा, रोशा आणि वाळा हीं तिन्हीं आपल्या देशांतील गवतेंच. घोडनदीकाठच्या शिरुरांत किंवा भीमेकाठच्या दौंडांत ज्यांच्या परसांत गवती चहाचें बेट आहे, त्यांनीं त्याचें पान चुरगळून पाहावें. लिंबाच्या सालीची आठवण होते, कारण सिट्रल हें द्रव्य दोहोंत आहे. हा वास चटकन् उठतो आणि चटकन् विरतो. रोशाचा वास गुलाबाच्या जवळचा. तो मध्यम टिकतो. वाळ्याचें तेल मुळांतून निघतें. तें दाट, मातकट आणि फार वेळ रेंगाळणारें. एक आरंभीं बोलणारें, एक मध्यें सांवरणारें आणि एक शेवटपर्यंत थांबणारें, अशी तीन तेलें असलीं म्हणजे मेळ बसतो.

रोशाची एक हकीकत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकांत खानदेशांत नंदुरबारच्या बाजूस या गवताचें तेल भट्टींतून काढीत. तें मुंबईहून तांबड्या समुद्राच्या वाटेनें तुर्कस्तानांत जाई आणि तेथें गुलाबाच्या महागड्या अत्तरांत मिसळलें जाई. दोहोंत जिरॅनिऑल हें द्रव्य असल्यानें ही भेसळ नाकास सहज कळत नसे. म्हणून आजहि बाटली घेतांना केवळ वासावर विसंबूं नये. वनस्पतीचें शास्त्रीय नांव व तेल काढण्याची रीत लिहिलेली बाटलीच घ्यावी. गवती चहाच्या तेलाचा एक थेंब कागदावर टाकून दिवसभर ठेवावा. मागें तेलकट डाग राहिला, तर त्यांत खाद्यतेलासारखें न उडणारें तेल मिसळलें असल्याचा संशय धरावा. वाळ्याच्या दाट तेलास मात्र ही कसोटी लावूं नये.

मेळ आधीं कागदावर जुळवावा. टीपकागदाच्या तीन अरुंद पट्ट्या कापून प्रत्येकीवर एकेका तेलाचा थेंब घ्यावा. मग त्या पंख्यासारख्या एकत्र धरून नाकापासून थोड्या अंतरावर हलवाव्यात. एखादी पट्टी मागें ओढली कीं तें प्रमाण कमी केल्यास काय होईल, तें तेलाचा थेंबहि न दवडतां कळतें. नाक लवकर थकतें; मधून मधून बाहेरच्या हवेंत जाऊन यावें. आरंभास रोशाचे तीन, गवती चहाचे दोन आणि वाळ्याचा एक, असे सहा थेंब एका काळ्या कांचेच्या कुपींत घ्यावेत, एक दिवस मुरूं द्यावेत आणि प्रमाण वहींत टिपून ठेवावें. टिपण नसेल, तर साधलेला मेळहि पुन्हा साधत नाहीं.

पुढें १०० मिलिलिटर पाण्यास या मिश्रणाचे तीनच थेंब घ्यावेत आणि अर्ध्या तासानें यंत्र बंद करावें. पर्जन्यछायेच्या या भागांत कूपनलिकेचें पाणी बहुधा जड असतें. त्यानें तबकडीवर पांढरा थर बसतो. तेव्हां गाळणयंत्राचें शुद्ध पाणी वापरावें व आठवड्यास एकदां यंत्र पुसून घ्यावें. चैत्र-वैशाखाच्या उन्हांत तेलें लवकर बिघडतात. बाटल्या घट्ट बुचाच्या, अंधाऱ्या व थंड जागीं ठेवाव्यात.

थेंब मोजण्याचा आग्रह कशासाठीं, तेंहि सांगितलें पाहिजे. शंभर किलो ओल्या गवती चहांतून अर्धा किलो तेलहि क्वचितच निघतें. म्हणजे एका थेंबांत कित्येक पानांचा अर्क सामावलेला असतो. वनस्पतीचें म्हणून तें निरुपद्रवी, हा समज घातक आहे. तान्ह्या मुलाच्या खोलींत हें यंत्र लावूंच नये. कापूर, नीलगिरी व पेपरमिंट यांचीं तेलें तर लहान मुलांच्या नाकाजवळहि नेऊं नयेत, कारण त्यांनीं श्वास अडूं शकतो. घरांत दम्याचा रोगी किंवा गरोदर स्त्री असेल, तर आधीं वैद्यकीय सल्ला घ्यावा. मांजराच्या यकृतास हीं द्रव्यें पचवितां येत नाहींत. तेल पोटांत घेऊं नये. मुलानें चुकून गिळलें, तर ओकारी काढण्याच्या खटपटींत न पडतां बाटलीसह त्याला तत्काळ रुग्णालयांत न्यावें. खोलीची एक खिडकी नेहमीं उघडी असावी.

मेळ साधला कीं नाहीं, याची परीक्षा पाहुणा करतो. उंबरठ्यावरच थबकून त्यानें “हा वास कसला?” म्हणून विचारलें, तर थेंब जास्त झाले. बोलण्याच्या ओघांत बसला, चहा झाला, आणि उठतांना “तुमच्या घरीं बरें वाटतें,” एवढेंच म्हणाला, तर प्रमाण बरोबर जमलें असें समजावें.