घोड्याची योग्यता आणि घोड्याचा भाव

वसई तालुक्यांतील गास आणि आसपासच्या गांवांतल्या बागाईतदाराला एक गोष्ट निराळी शिकवावी लागत नाहीं. केळीचा घड उत्तम असणें ही एक गोष्ट, आणि त्या घडाला बाजारांत पडणारा भाव ही दुसरी. उत्तम माल भलत्या भावानें घेणारा व्यापारी बुडतो; मध्यम माल योग्य भावानें घेणारा तरतो. गासच्या लोकांना जवळ पडणारें नालासोपारा स्थानक ज्या लोहमार्गावर आहे, त्याच मार्गावर मुंबईच्या बाजूस महालक्ष्मी स्थानक लागतें. आणि तेथून थोड्याच अंतरावर १८८३ सालीं तयार झालेलें घोड्यांच्या शर्यतीचें मैदान आहे. त्या मैदानावर जमणाऱ्या सुशिक्षित मंडळींपैकीं पुष्कळांना बागाईतदाराच्या या साध्या व्यवहारज्ञानाचा त्या दिवसापुरता विसर पडतो. ‘कोणता घोडा जिंकेल?’ एवढेंच जो तो दुसऱ्यास विचारीत असतो. ‘या घोड्याला मिळणारा भाव त्याच्या योग्यतेला साजेसा आहे काय?’ हा खरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं.

प्रथम योग्यतेचा विचार करावा. पुष्कळशा शर्यती हँडिकॅप पद्धतीच्या असतात. हँडिकॅप म्हणजे घोड्यांच्या सामर्थ्यांतील अंतर वजनानें भरून काढण्याची युक्ति. प्रत्येक घोड्यास त्याच्या पूर्वीच्या कामगिरीवरून गुण दिलेले असतात आणि एका गुणामागें अर्धा किलो या मानानें त्याच्या पाठीवरचें वजन ठरतें. साठ गुणांचा घोडा पन्नास गुणांच्या घोड्यापेक्षां पांच किलो अधिक भार घेऊन धांवतो. सर्व घोडे एकाच क्षणीं विनिंग-पोस्टपाशीं यावेत, हा हँडिकॅपरचा आदर्श. नवखा मनुष्य रेसबुक उघडतो आणि मागल्या खेपेस जिंकलेल्या घोड्यावर बोट ठेवतो. परंतु त्या विजयाचें मोल हँडिकॅपरनें वजन वाढवून आधींच वसूल केलेलें असतें. आणि तोच विजय गर्दीनेंही वाचलेला असल्यामुळें घोड्याचा भावही उतरलेला असतो. एकाच विजयासाठीं दोनदां किंमत मोजावी लागते, ती अशी!

जाणता मनुष्य म्हणून विजयांपेक्षां पराजयांची कारणें अधिक बारकाईनें पाहतो. सोळाशें मीटरवर दमलेला घोडा आज हजार मीटरवर धांवत आहे काय? दीर्घ विश्रांतीनंतरची ती त्याची पहिलीच धांव होती काय? वळणावर त्याची वाट अडली होती काय? जमीन कशी होती? पुण्याचा हंगाम साधारणतः जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे ऐन पावसाळ्यांत. मुंबईचा नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत. पावसानें मऊ झालेल्या मैदानावर मागें पडलेला घोडा महालक्ष्मीच्या कोरड्या जमिनीवर अगदीं निराळा दिसूं शकतो. जमीन किती कठीण वा मऊ आहे, हें पेनेट्रोमीटर नांवाच्या उपकरणानें मोजून प्रसिद्ध केलें जातें. पण तो आंकडा लक्षपूर्वक वाचणारे थोडेच. जी कारणें रेसबुकांतील ‘सातवा’, ‘नववा’ अशा अंकांआड लपून राहतात, तेथेंच कधीं कधीं चांगला भाव सांपडतो.

प्रत्येक शर्यत मात्र अशी वजनानें समतोल केलेली नसते. १९४३ सालीं सुरू झालेल्या इंडियन डर्बींत चार वर्षांचे घोडे २४०० मीटर धांवतात, आणि तेथें माद्यांना मिळणारी थोडी सवलत सोडली तर सर्वांना सारखेंच वजन असतें. पहिली डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीनें जिंकली. अशा शर्यतींत जातिवंत घोडा पुढें येण्याचा संभव अधिक. परंतु तें सर्वांनाच ठाऊक असल्यामुळें त्याचा भावही तितकाच तुटपुंजा.

आतां भावाकडे वळावें. टोटची पद्धत पॅरिसमध्यें जोसेफ ओलर यानें १८६० नंतरच्या दशकांत काढली. तिच्यांत सर्वांचे पैसे एकत्र होतात, कांहीं भाग वजा होतो आणि उरलेली रक्कम जिंकणारांत वांटली जाते. समजा, एका शर्यतीवर एक लक्ष रुपये जमले, वीस हजार वजा झाले आणि ऐशीं हजार उरले. एका घोड्यावर वीस हजार रुपये लागले असतील, तर तो जिंकल्यास दहा रुपयांचे चाळीस होतात. गर्दीच्या मतें तो घोडा पांचांत एकदां जिंकणारा आहे. पण पैज लावणाराचें नुकसान न होण्यास तो चारांत एकदां तरी जिंकला पाहिजे. म्हणजे गर्दीला शंभरांत वीस संधि दिसतात, तेथें याला पंचवीस दिसल्या पाहिजेत, आणि त्या खऱ्या ठरल्या पाहिजेत.

एवढ्यावर हिशेब थांबत नाहीं. २२ सप्टेंबर २०२५ पासून या पैजांवरील वस्तु व सेवा कर चाळीस टक्के झाला. वरील उदाहरणांत तो कर दहा रुपयांवर निराळा मोजावा लागला, तर खिशांतून चौदा रुपये जातात आणि जिंकल्यास हातीं चाळीसच येतात. पंचवीसच्या जागीं आतां पसतीस संधि हव्यात! शिवाय शर्यतींतील कमाईवर सरसकट तीस टक्के प्राप्तिकर आहे, आणि सामान्य माणसाला हरलेल्या पैजा त्या कमाईंतून वजा करतां येत नाहींत.

मोठ्या भावाचा मोह येथें विशेष घातक ठरतो. १९४९ सालीं ग्रिफिथ या अभ्यासकानें अमेरिकेंतील शर्यतींचे आंकडे तपासून दाखविलें कीं, ज्या घोड्यांना जिंकण्याची आशा थोडी त्यांच्यावर लोक प्रमाणाबाहेर पैसा लावतात, आणि आवडत्या घोड्यांवर त्यांच्या योग्यतेहून कमी. रुपयाचे पन्नास होण्याची कल्पनाच इतकी गोड असते कीं, ती कल्पनाच विकत घेतली जाते!

१९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें घोड्यांच्या शर्यतीवरील पैज ही मुख्यतः कौशल्याची बाब आहे, निव्वळ दैवाची नव्हे, असा निर्णय दिला. या निर्णयाचा आधार घेऊन कित्येक जण स्वतःची समजूत घालतात. परंतु खेळांत कौशल्याला वाव असणें आणि तें कौशल्य आपल्या अंगीं असणें, या दोहोंत फार अंतर आहे. वीणा कौशल्याचें वाद्य आहे, म्हणून तारेला हात लावणारा प्रत्येक जण वीणावादक होत नाहीं.

हें अंतर मोजण्याचा एक बिनखर्ची उपाय आहे. एक वही घ्यावी. एका संपूर्ण हंगामांत, भाव कळण्यापूर्वीं, प्रत्येक घोड्याच्या जिंकण्याच्या संधि शंभरांत किती तें लिहावें. नंतर भाव लिहावा, आणि शेवटीं निकाल. ज्या घोड्यांना आपण शंभरांत पंचवीस संधि दिल्या, ते चारांत एकदां जिंकले काय, हें हंगामाअखेर पाहावें. कर व वजावट धरून जमाखर्च मांडावा. बहुतेकांची वही तोटाच दाखवील. मात्र तो तोटा शाईचा असेल, घरभाड्याचा किंवा मुलांच्या फीचा नव्हे. आणि पैज न लावतांही भरधांव घोड्यांचें तें नेत्रसुख कमी होत नाहीं. उलट, खिशाची काळजी नसल्यामुळें घोडा प्रथमच घोडा म्हणून दिसूं लागतो.