झाकलेल्या त्वचेचे दुखणे



सभागृहाबाहेरच्या फलकावर आजच्या व्याख्यानाचा विषय नुसता 'त्वचेची निगा' असा लिहिला आहे. कोणत्या त्वचेची, हे लिहिण्याचे संयोजकांनी टाळले. मी त्यांना दोष देत नाही. दिल्लीत मी ज्या बाह्यरुग्ण विभागात काम करते, तेथे देशाच्या सर्व भागांतून माणसे येतात, आणि शरीराच्या या एका भागाविषयी बोलताना त्या सर्वांची भाषा एकच होते. हिंदी बोलणारी बाई 'नीचे' म्हणते, मराठी बाई 'खाली' म्हणते, बंगाली 'ओखाने' म्हणते आणि तमिळ 'अंगे' म्हणते, म्हणजे 'तिथे'. पुरुष तर पुष्कळदा तेवढेही बोलत नाहीत. नुसती मान खाली घालतात. या अवयवांसाठी आपल्याजवळ एक तर ग्रंथांतले संस्कृत शब्द आहेत, नाही तर शिव्यांतले. मुलीने आईला सहज सांगावा असा मधला शब्द सहसा सापडत नाही. शब्द नाही म्हणून दुखणे सांगितले जात नाही, आणि न सांगितलेले दुखणे वाढत जाते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शिक्षिका आल्या. वय ५८. दोन वर्षांपासून त्यांना योनिमुखाच्या त्वचेला खाज सुटत होती. रात्री झोप लागत नसे. प्रथम त्यांना वाटले, स्वच्छता कमी पडत असावी. म्हणून त्या साबणाने दिवसातून तीनदा धुऊ लागल्या. त्याने आग वाढली, तेव्हा अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक द्रव टाकू लागल्या. त्यानेही भागले नाही, तेव्हा औषधाच्या दुकानातून कोणीतरी सुचविलेले मलम आणले. या तीन पायऱ्या मी इतक्या वेळा ऐकल्या आहेत की रुग्णाने पहिली सांगितली की उरलेल्या दोन मीच सांगते. या बाईंकडे मी पुन्हा येणार आहे.

आधी त्वचेविषयी थोडे. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. विटांची भिंत डोळ्यांसमोर आणा. पेशी या विटा, आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ हा चुना. ही भिंत आतले पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचा क्षोभक पदार्थ आत येऊ देत नाही. तळपायाला ती जाड असते. पापणी, वृषणकोश आणि योनिमुखाचा आतला भाग येथे अतिशय पातळ. किती पातळ, याचा अंदाज एका प्रयोगावरून येतो. फेल्डमन आणि मायबाख या अमेरिकी संशोधकांनी १९६७ साली हायड्रोकॉर्टिसोन हे औषध शरीराच्या निरनिराळ्या भागांवर लावून किती शोषले जाते ते मोजले. कोपराखालच्या हाताच्या मानाने वृषणकोशाच्या त्वचेतून ते ४२ पट शोषले गेले. हा आकडा कृपा करून लक्षात ठेवा. हाताला जे सोसते ते येथे सोसेलच असे नाही, आणि हाताला जे औषध थोडे आहे ते येथे फार होऊ शकते.

दुसरी गोष्ट आम्लतेची. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. १९२८ साली शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन वैद्यांनी या गुणाला 'आम्लाचे प्रावरण' असे नाव दिले. योनीच्या आत ही आम्लता आणखी तीव्र असते आणि तेथे राहणारे उपकारक जिवाणू ती राखतात. अंघोळीचा नेहमीचा साबण मात्र अल्कधर्मी. तो मळाबरोबर भिंतीतला चुनाही धुऊन नेतो. म्हणजे खाज सुटली म्हणून धुवायचे, धुतल्याने कोरडेपणा, कोरडेपणाने पुन्हा खाज, असे हे चक्र आहे. योनीच्या आतला भाग स्वतःला स्वच्छ ठेवतो. तेथे साबण, जंतुनाशक किंवा पाण्याची पिचकारी कधीच नको. बाहेरच्या त्वचेला दिवसातून एकदा कोमट पाणी पुरते. जंतुनाशक द्रव फरशीसाठी ठीक आहे.

क्षोभ करणाऱ्या वस्तूंची यादी लांब आहे, पण त्यांतल्या पुष्कळ घरात रोज दिसतात: कपड्यांतून नीट न खळबळलेली धुण्याची पावडर, सुगंधी टॅल्कम, केस काढण्याचे मलम, बोथट वस्तरा, घट्ट कृत्रिम धाग्याची अंतर्वस्त्रे, सुगंधी पॅड. खाजेवर म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मलमांत निओमायसिन किंवा बेंझोकेन असते, आणि त्यांचीच ॲलर्जी येऊन खाज दुप्पट होते. मासिक पाळीचे कापड वापरणाऱ्या स्त्रियांविषयी एक शब्द बोलायला हवा. कापड वाईट नाही. पण लाजेपोटी ते साडीखाली, माळ्यावर, अंधारात वाळत घातले जाते आणि दमट राहते. पुरुषांचे कपडे गच्चीवर उन्हात आणि हे कापड मोरीत, या व्यवस्थेला औषध मी लिहून देऊ शकत नाही.

आता त्या मलमांविषयी. या भागात, विशेषतः जांघेत, होणारा नायटा आपल्या देशात जुनाच आहे. इंग्रज सैनिक त्याला 'धोबी इच' म्हणत. दोष अर्थातच धोब्याचा. नायटा बुरशीने होतो. कडेने लाल, खवलेदार, मधे निवळत जाणारे वर्तुळ हे त्याचे रूप. योग्य बुरशीनाशक पुरेसे दिवस लावले की तो पूर्वी सहज बरा होत असे. दरम्यान १९५२ साली सल्झबर्गर आणि विटन यांनी त्वचेवर लावण्याच्या हायड्रोकॉर्टिसोनचा परिणाम दाखवून दिला आणि त्वचारोगशास्त्रात क्रांती झाली. पुढे त्याहून कितीतरी तीव्र स्टेरॉइडे निघाली. आपल्या बाजारात ती बुरशीनाशक आणि जंतुनाशक औषधांबरोबर एकाच नळीत मिसळून आली. नळी स्वस्त. लावली की दोन दिवसांत लाली जाते, खाज थांबते, आणि माणूस दुकानदाराला दुवा देतो. पण स्टेरॉइडने शमते ती शरीराची प्रतिक्रिया. बुरशीला तर रानच मोकळे मिळते. लावणे थांबविले की रोग दुप्पट वेगाने परततो, आता ओळखूही न येण्याजोग्या रूपात. जांघेच्या पातळ त्वचेवर महिनोन्‌महिने हे मलम लावणाऱ्या तरुणांच्या अंगावर मी रुंद, खोलगट पट्टे पाहिले आहेत. ते पट्टे आयुष्यभर जात नाहीत. आठवते ना, ४२ पट?

याचा एक परिणाम साऱ्या देशाला भोगावा लागत आहे. नेहमीच्या टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशी आपल्याकडे पसरली आहे. जपानी संशोधकांनी २०२० साली तिला 'ट्रायकोफायटन इंडोटिनिए' असे नाव दिले, आणि त्या नावात आपल्या देशाचे नाव आहे. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम कागदावर आहे; नळी आजही मागितल्यास मिळते. म्हणून नळीवरील बारीक अक्षरे वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसले की ते मलम स्वतःच्या मनाने जांघेत लावू नका. नायट्याचा उपचार आता आठवड्यांचा, कधी महिन्यांचा असतो. घरातील ज्यांना तो असेल त्या सर्वांनी एकाच वेळी घ्यावा लागतो. टॉवेल वेगळे, कपडे गरम पाण्यात धुतलेले आणि उन्हात वाळविलेले हवेत.

जांघेतील किंवा जननेंद्रियावरील प्रत्येक खाज नायटा नव्हे, आणि ती प्रत्येक वेळी लैंगिक संबंधातून आलेली तर नव्हेच. हे मी मुद्दाम सांगते, कारण या एका संशयाने घरे मोडलेली मी पाहिली आहेत. रात्री खाज वाढत असेल आणि घरातील इतरांनाही असेल तर खरूज आठवावी. दह्यासारखा पांढरा स्राव आणि आग असेल तर कॅन्डिडा ही बुरशी संभवते. ती वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासून घ्या. कित्येकांचा मधुमेह प्रथम याच वाटेने उघडकीस येतो. शिश्नाग्रावर वारंवार सूज येणाऱ्या पुरुषांनाही हेच लागू आहे. मधुमेहाची काही नवी औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यांनीही हा त्रास होऊ शकतो, तेव्हा चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात.

पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा हा वेगळाच विषय. इस्ट्रोजेन कमी झाले की योनीची त्वचा पातळ आणि रुक्ष होते, संबंधाच्या वेळी दुखते, लघवीला जळजळते. मूल अंगावर पीत असताना तरुण आईलाही असे होऊ शकते. वय झाले, आता हे असेच चालायचे, असे बायका मला सांगतात. कधी त्यांचे पतीही सांगतात. पण यावर चांगले उपचार आहेत: पाण्याचा आधार असलेली वंगणे, ओलावा राखणारी द्रव्ये, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने अगदी अल्प मात्रेचे इस्ट्रोजेन मलम आतून. स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले तर मात्र कोरडेपणाला दोष देत बसू नका. लगेच तपासणी करून घ्या.

साध्या कोरड्या त्वचेला महागडे काही लागत नाही. धुतल्यावर मऊ कापडाने टिपून घ्यावे, घासू नये, आणि साधे व्हॅसलीन किंवा शुद्ध खोबरेल बाहेरच्या त्वचेवर पातळ लावावे. एक सूचना: तेल आणि व्हॅसलीन यांनी रबराचा निरोध कमकुवत होतो. नखे कापलेली ठेवावीत. सतत खाजविल्याने त्वचा जाड, चामड्यासारखी होते आणि मग मूळ कारण गेले तरी खाज उरते.

आता त्या शिक्षिका. त्यांची त्वचा पांढुरकी, पातळ, सुरकुतलेल्या कागदासारखी झाली होती. या रोगाला 'लायकेन स्क्लेरोसस' म्हणतात. तो संसर्गजन्य नाही, अस्वच्छतेने होत नाही. पाळी गेलेल्या स्त्रियांत तो अधिक. लहान मुलींत आणि पुरुषांतही आढळतो. उपचार न केल्यास अवयवाची ठेवण बदलते, आणि थोड्या रुग्णांत पुढे तेथे कर्करोग होतो. त्याचे औषध काय? तीव्र स्टेरॉइड, तेच क्लोबेटासॉल. आपण हसलात, पण त्या बाई हसल्या नाहीत. आतापर्यंत ज्याच्यासाठी मी रागावले तेच मी लिहून देते आहे, असे त्यांना वाटले. फरक असा की मटाराच्या दाण्याहूनही कमी, नेमक्या पांढऱ्या डागावर, प्रथम रोज आणि मग उतरत्या क्रमाने, ठरलेल्या तारखांना तपासणी करून. साबण आणि जंतुनाशक त्याच दिवशी बंद केले. तिसऱ्या आठवड्यात त्या मला म्हणाल्या की दोन वर्षांनी प्रथमच सलग झोप लागली. दर सहा महिन्यांनी त्या अजून येतात. न भरणारी जखम, गाठ किंवा जाड होत जाणारा पांढरा डाग दिसला तर तारखेची वाट न पाहता यायचे, असे आमचे ठरले आहे.

वेळ झाली आहे. प्रश्न उठून विचारणे अवघड वाटेल, हे मला ठाऊक आहे. म्हणून दाराशी कोरे कागद आणि पेन्सिली ठेवायला मी सांगितले आहे. वय लिहा, त्रास किती दिवसांचा ते लिहा, काय काय लावले तेही लिहा. नाव लिहू नका.