गेरूची दोरी आणि तहकूब सभा



लोकशाही म्हटलं की आपल्याला मतदानाचा दिवस आणि बोटावरची शाई आठवते. अथेन्सच्या माणसाला ते अपुरं वाटलं असतं. इसवी सनापूर्वी ५०८च्या सुमारास क्लिस्थेनीसने तिथे नवी घडी बसवली. पिनिक्स टेकडीवर नागरिक स्वतः जमत आणि युद्ध, कायदे हात वर करून ठरवत. पाचशेंचं मंडळ नेमत ते सोडतीने. ॲरिस्टॉटलच्या मते सोडत ही लोकशाहीची रीत आणि निवडणूक ही मूठभरांच्या सत्तेची. हसू नका, आपल्याकडे सरपंचपदाचं आरक्षण अजून चिठ्ठी काढूनच ठरतं, आणि ती चिठ्ठी बहुधा शाळेतलं पोर उचलतं!

पण लोक टेकडीवर यायला कंटाळत, बाजारात गप्पा छाटत बसत. मग गेरूने माखलेली दोरी ताणून त्यांना सभेकडे हाकलत. ॲरिस्टोफेनिसने नाटकात याची टर उडवली आहे. पुढे तर हजेरीचे पैसेही द्यावे लागले. आपल्या ग्रामसभेला दोरीही नाही आणि भत्ताही नाही. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांपैकी जी कमी ती. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग जेमतेम डझनभर डोकी अख्ख्या गावाचं ठरवून मोकळी होतात.

अथेन्सच्या आरत्या मात्र ओवाळू नका. बायका, गुलाम, बाहेरून येऊन राहिलेले, यांना तिथे मत नव्हतं. ज्यांना होतं, त्यांनी इसवी सनापूर्वी ३९९मध्ये सॉक्रेटिसला बहुमताने मृत्युदंड दिला. आपल्याकडचं वगळणंही फार जुनं नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडला, १९२७ साली तळ्याच्या पाण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आत इथला प्रत्येक प्रौढ मतदार झाला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाब्याने, म्हणजे आजच्या रायगडने, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख लोकसभेत पाठवले. मतदारांत तुमच्या पणज्याही होत्या. ग्रीसमधल्या बायकांना संसदेसाठी मताचा हक्क मिळाला तो त्यानंतर, १९५२च्या मे महिन्यात. आपल्या नागोठण्याची पणजी अथेन्सच्या बाईच्या आधी मतदार झाली, याचा मला भारी अभिमान वाटतो.

आता पदवी घेऊन तुमच्यातले काही कंपनीत शिफ्टला लागतील, काही पनवेल-मुंबई गाठतील. गावच्या मतदारयादीत नाव असेल, तर ग्रामसभेचे सभासद तुम्ही आहातच, त्यासाठी निवडून यावं लागत नाही. मुलींनो, ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, तिथे जा. नोटीस बोर्डावर लागते, ती वाचा. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला लावा आणि पाणीपट्टीचा हिशेब मागा. उत्तर मिळालं नाही तर प्रश्न तरी इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. ग्रामपंचायत अधिकारी कुरकुरतील. कुरकुरू द्या.