स्टॉलवरून चित्र चोरीला गेलं तर?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे.)

आज पाहुणे कोणी नाहीत, मी एकटीच आहे. विषयही असा आहे की एकटीनेच बोलावा. खरं सांगायचं तर गेले बरेच महिने मी तो टाळत होते.

उघड्यावरच्या कला प्रदर्शनांत, कलाजत्रांत आपण स्टॉल लावतो. तिथून चित्रं चोरीला जातात. याबद्दल आपण आपापसात चहा पिताना बोलतो, पण जाहीरपणे फारसं कोणी बोलत नाही. "स्वतःचं चित्र सांभाळता आलं नाही" असं लोक म्हणतील याची लाज वाटते. मलाही वाटली होती.

तर आधी माझी गोष्ट सांगते.

वाईजवळ मेणवली आहे. कृष्णेच्या काठी नाना फडणवीसांचा वाडा, खाली घाट, आणि घाटावर घंटेचं छोटं देऊळ. घंटा पोर्तुगिजांची, वसईच्या मोहिमेनंतर आलेली. तिथे दोन दिवस पहाटे जाऊन, पायरीवर बसून मी एक जलरंगाचं चित्र केलं होतं. अकरा बाय पंधरा इंच. पाण्यावरचा उजेड त्यात असा उतरला होता की मलाच नंतर पुन्हा जमला नाही. घरी बसून तीन वेळा प्रयत्न केला, नाही जमला.

ते चित्र मी एका तीन दिवसांच्या प्रदर्शनात लावलं. कुठलं ते सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका ठिकाणाचा नाही. रविवारची संध्याकाळ, साडेसातची वेळ, तुफान गर्दी. एक कुटुंब पोस्टकार्ड बघत होतं. त्यांना सुटे हवे होते, पिशवी हवी होती. मी टेबलाखाली वाकले, पिशवी काढली, वर आले, पैसे घेतले. ते गेल्यावर सहज मागे बघितलं तर जाळीवरचा एक हुक रिकामा.

पहिल्यांदा डोक्यात चोरी येतच नाही बरं का! मला वाटलं, पडलं असेल. मग वाटलं, शेजारच्या ताईंनी बाजूला ठेवलं असेल. टेबलाखाली बघितलं, खोक्यात बघितलं, पॅनलच्या मागे बघितलं. दहा मिनिटं यातच गेली. फ्रेमसकट चित्र हातात धरून चालणारा माणूस तिथे कोणाला खटकणार? तिथे सगळेच चित्रं घेऊन चालत असतात.

आणि मग लोकांची बोलणी. एक जण म्हणाले, "अहो, आवडलं म्हणूनच नेलं ना, कौतुकच समजा." दुसरे म्हणाले, "एक कागदच तर गेला, दुसरं काढाल." सोनाराच्या दुकानातून अंगठी गेली तर त्याला कोणी म्हणतं का, की कौतुक समजा?

आता पोलीस स्टेशन. तिथले हवालदार नीट वागले, हे आधी सांगते. त्यांनी विचारलं, "मॅडम, किंमत काय होती?" मी म्हटलं, चार हजार आठशे. खरं तर मूळ किंमत साडेपाच हजार होती, पण शेवटच्या दिवशी विकलं जावं म्हणून त्याच सकाळी मी ती कमी करून लेबल बदललं होतं. ते म्हणाले, मग एनसी होईल.

इथे जरा थांबून कायदा समजून घेऊ, कारण हे मला स्टॉल लावायला लागल्यापासून कोणीच सांगितलं नव्हतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. चोरी तिच्या कलम ३०३ मध्ये येते. त्यात पाच हजार रुपयांची एक रेघ आहे. चोरलेल्या वस्तूची किंमत त्याहून कमी असेल, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. आणि नव्या फौजदारी प्रक्रियेत ही पाच हजारांखालची चोरी अदखलपात्र धरली आहे. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास सुरू करू शकत नाहीत. तुमची तक्रार वहीत नोंदली जाते, आणि पुढे तुम्हालाच दंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं.

आता तुमच्या स्टॉलवरची किंमतपत्रकं डोळ्यांसमोर आणा. छोटी जलरंग चित्रं, लिनोकट, प्रिंट, चिनी मातीचे कप. यातलं किती पाच हजारांच्या वर असतं? जत्रेतला बहुतेक माल त्या रेघेच्या खालचा.

रात्री घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की माझं लेबल नुसत्या चित्राचं होतं. त्याखाली बारीक अक्षरात मीच लिहिलं होतं, "फ्रेमचे ९०० रुपये वेगळे." आणि गेलं होतं ते फ्रेमसकट! म्हणजे मालाची किंमत पाच हजार सातशे. घाबरल्यामुळे मी लेबलवरचा मोठा आकडा तेवढा सांगितला होता. दुसऱ्या दिवशी फ्रेमवाल्याचं बिल आणि लेबलासकट स्टॉलचा फोटो घेऊन गेले. त्यांनी दोन्ही बघितलं आणि गुन्हा नोंदवून घेतला. किंमत फुगवून सांगा असं मी अजिबात म्हणत नाहीये. खोटं सांगू नका. पण जे खरोखर गेलं, ते सगळं मोजून सांगा.

चित्र अजून मिळालेलं नाही. मिळेल असंही वाटत नाही, आणि त्याचं कारण सांगते.

१९११ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातून मोनालिसा चोरीला गेली होती. चोर होता विन्चेन्झो पेरुजा, तिथे आधी काम केलेला माणूस. दोन वर्षं चित्र त्याच्याकडे होतं. १९१३ मध्ये फ्लॉरेन्सच्या एका विक्रेत्याला ते द्यायला गेला आणि सापडला, कारण ते चित्र सगळ्या जगाला ठाऊक होतं. आपलं तसं नाही. माझं मेणवली कोणाच्याही दिवाणखान्यात उघड टांगता येतं. बघणारा म्हणेल, छान आहे, कुठून घेतलंत? कोणाला शंकाही येणार नाही.

म्हणून आपलं चित्र ओळखता येईल अशी नोंद आपणच ठेवायला हवी. संग्रहालयांच्या जगात यासाठी 'ऑब्जेक्ट आयडी' नावाची एक पद्धत आहे. गेटी संस्थेच्या पुढाकाराने ती १९९७ मध्ये आली. त्यात विचारतात ते सगळं साधं आहे: फोटो, प्रकार, माप, माध्यम, सही किंवा मजकूर, ओळखीची खूण, विषय, साल, कोणी केलं. आपल्याला एक वही पुरते. इंटरपोलचं 'आयडी-आर्ट' नावाचं मोफत ॲपही आहे, त्यात स्वतःच्या कलाकृतींची यादी करता येते.

मी काय चुकले होते? माझ्याकडे त्या चित्राचा एकच फोटो होता, काचेवर ट्यूबलाइट चमकणारा. म्हणजे चित्र गेलं, आणि त्याची प्रिंट काढण्याइतकी प्रतही उरली नाही. आता मी फ्रेम करायच्या आधी चित्र स्कॅन करते. मागच्या बाजूचा फोटो घेते. मागे सही, तारीख आणि क्रमांक लिहिते. कागदाच्या कडेला रंग कुठे सांडला असेल तर तोही फोटोत घेते, कारण ती खूण कोणाला नक्कल करता येत नाही.

याला जोडून एक. चित्र चोरणाऱ्याला चित्राचे हक्क मिळत नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क चित्र तयार होताच तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं तो टिकतो. त्यामुळे स्टॉलवर मोबाइलने फोटो काढून त्याचे टी-शर्ट छापणं हीही चोरीच, फक्त तिथे हुक रिकामा दिसत नाही.

आता स्टॉलवरच्या गोष्टी, पटापट सांगते.

मूळ चित्रं मागच्या जाळीवर, तुमच्या पाठीशी नकोत. तुम्ही बसता तिथून समोर दिसली पाहिजेत. फ्रेमचा हुक नुसता अडकवू नका, वायर जाळीला केबल टायने बांधा. कापायला कात्री लागली म्हणजे चोराला वेळ लागला. पैसे आणि पिशव्या टेबलाखाली ठेवू नका, कंबरेच्या उंचीवर ठेवा, म्हणजे वाकायला लागत नाही. ग्राहकाच्या मोबाइलवरचा 'पेमेंट झालं' हा स्क्रीन पुरावा धरू नका, आपल्या खात्यात पैसे आल्याचा मेसेज बघा. आणि सगळ्यात जपायची वेळ म्हणजे आवरायची. दिवे मालवलेले, टेम्पो आत आलेले, आपण दमलेले. मोजून खोक्यात भरा, यादीवर खूण करा.

एकटे असाल तर सकाळीच शेजारच्या स्टॉलशी बोलून ठेवा. "मी बाथरूमला जाते तेव्हा तुम्ही बघा, तुम्ही जाल तेव्हा मी." आपल्याकडे हे संकोचापोटी राहून जातं.

चोरी झालीच तर आयोजकांना त्याच दिवशी लेखी पत्र द्या की गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा. काही दिवसांनी जुन्यावर नवं चढतं. माझं पत्र पाचव्या दिवशी गेलं, तोवर उशीर झाला होता. बाहेरगावच्या जत्रेत, समजा बेंगळुरूच्या चित्रसंतेत, चित्र गेलं आणि परतीची गाडी गाठायची असेल, तर दखलपात्र गुन्ह्याची झिरो एफआयआर आपल्या गावच्या पोलीस स्टेशनलाही देता येते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घ्याच.

आयोजकांनाही एक विनंती. फॉर्मवर "मालाची जबाबदारी स्टॉलधारकाची" असं तुम्ही छापता. ठीक आहे. पण स्टॉलचं भाडं हजारांनी घेता, तर आवरायच्या तासाला गेटवर दोन माणसं उभी करा. विकलेल्या चित्राला पावती, आणि बाहेर जाताना ती पावती बघायची. एवढ्याने बराच फरक पडेल.

मी पुन्हा मेणवलीला गेले होते, गेल्या महिन्यात. त्याच पायरीवर बसले. ते चित्र काही आलं नाही, वेगळंच आलं. ते मात्र स्कॅन केलंय, आणि मागे क्रमांकही घातलाय.

तुमच्या स्टॉलवर असं काही झालं असेल तर नक्की कळवा, पुढच्या भागात बोलू. आणि कधी कोणाच्या घरी भिंतीवर मेणवलीचा घाट दिसला, उजव्या खालच्या कोपऱ्यात निळ्या रंगाचा छोटा ओघळ असलेला, तर एवढंच विचारा: हे कुठून घेतलंत?

भेटू लवकरच. नमस्कार!