खनिज विरघळवणारे सूक्ष्मजीव

कोळशाच्या खाणींतून झिरपणारे आम्लयुक्त पाणी ओढे-नद्या नासवते. १९४७ मध्ये अमेरिकेतील कोल्मर व हिंकल यांनी या उपद्रवामागील जिवाणू शोधला. आज त्याला अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स म्हणतात. फेरस लोहाचे फेरिक लोहात ऑक्सिडीकरण करून तो ऊर्जा मिळवतो. हे फेरिक लोह सल्फाइड खनिजावर क्रिया करून तांबे द्रावणात उतरवते आणि त्या क्रियेत पुन्हा फेरस बनते. जिवाणूला नवे खाद्य मिळते. भट्टी नाही, सल्फर डायऑक्साइडचा धूर नाही. चिलीतील लो अग्विरे खाणीत १९८० पासून अशा रीतीने धातुकाचे ढीग भिजवून तांबे काढले गेले.

मात्र ही क्रिया संथ आहे. एकेका ढिगाला महिनोन्‌महिने लागतात. त्यातही आपल्या मलांजखंडचे तांबे मुख्यतः चाल्कोपायराइटमध्ये आहे आणि हे खनिज जिवाणूंना सहजी दाद देत नाही. (उत्तरे लिहिताना नेमके हेच सुटते.)

शिवाय आम्लद्रावण सांभाळावे लागते. फिनलंडमधील तालविवारा येथे निकेल याच पद्धतीने काढत. नोव्हेंबर २०१२ मध्ये तेथील साठवण-तलाव गळला आणि धातुमिश्रित पाणी आसपासच्या जलाशयांत शिरले.